आणखी एक

उद्यमबागेत आमचे चार लेथ, त्यातला एक बाबांचा.
संध्याकाळी सहाला मी हात रॉकेलनं पुसते,
साबण नंतर,
आणि टिळकवाडीतल्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसते.
सगळी पोरं विशीतली. मी एक्केचाळीस.
बोटांच्या पेरात काळं राहतंच, त्यामुळे वही माझी लगेच ओळखू येते.

हिरेमठ सर फळ्यावर दोन रेघा ओढतात,
एक चढती, एक उतरती,
आणि दोन्ही भाषांत नावं देतात :
मागणी, बेडिके. पुरवठा, पूरैके.
मागणी म्हटलं की मला आठवते
धामण्याहून आलेली, चहाच्या कपापाशीच थांबलेली.
सर सांगत होते, नुसती इच्छा म्हणजे मागणी होत नाही, अक्का,
ऐपत लागते, आणि द्यायची तयारी.
मी उतरवून घेतलं. खाली रेघ मारली.
इतक्या वर्षांनी कुणीतरी नीट समजावलं.

मग एका गुरुवारी फळ्यावर शब्द आला : सीमान्त.
मागची दोन पोरं खुसखुसली.
या गावात सीमा म्हटलं की
कुणाचा आवाज चढतो, कुणाचा उतरतो.
पाटीवर कुठली अक्षरं वर नि कुठली खाली,
यावरून आमच्या गल्लीत काच फुटलेली आहे.
सर खडू झटकत म्हणाले, ही वेगळी, ही रोज सरकते.
शंभर नग झालेत तुमचे.
एकशे एकावा करायला नवीन काय लागेल, तेवढंच विचारा.
झालेल्या शंभरांना हाक मारू नका.

त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या पंपवाल्यांचा निरोप :
महिन्याला तीनशे फ्लँज जादा,
पण नव्वदचा दर अठ्ठ्याहत्तर.
भरमा म्हणाला, घे की गं, रात्री मशीन झोपूनच असतंय.
मी जेवणं झाल्यावर वही उघडली.
ओतीव माल, टूलबिट, वीज,
रात्रपाळीला भरमाचे दीडपट, आणि दोनदा चहा.
तीन लेथांवर एक नग एकसष्टला बसतो,
दोनशे दहापर्यंत.
दोनशे अकरावा बाबांच्या लेथवर चढवावा लागतो.
तो त्र्याऐंशी खातो.
त्याची बेड झिजलीय, चाळिसातला एक हमखास भंगारात.
गेल्या वर्षी त्याच्यावर सेहेचाळीस हजार घातले,
ते आकडे माझ्याकडे बघत राहिले.
बुडीत, असं सरांनी शिकवलंय. गेलेलं हिशेबात बसवायचं नाही.
मी पान उलटलं. मागच्या बाजूला ते उमटलेच होते.

सकाळी कळवलं : दोनशे दहा देऊ. वरचा एकही नाही.
पंपवाले दोन दिवस गप्प, मग ठीक आहे म्हणाले.
भरमा अजून रुसलाय थोडा.

राहता राहिला तो चौथा.
सहा बाय चार फूट जागा अडवून उभा.
शेजारचा जिनगोंडा तिथं ड्रिल लावायला
महिन्याला अठराशे भाडं देतोय, तेही आगाऊ.
मी वर्ग सुटल्यावर सरांना विचारलं,
ज्या हँडलचा नक्षा एकाच माणसाच्या तळव्यानं झिजवलाय
ते कुठल्या खात्यात धरायचं?
ते डस्टर हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले.
उपयोगिता, म्हणाले. मग हसले.
पण गिऱ्हाईक एकच दिसतंय, अक्का.

तेव्हापासून माझ्या वहीत दर महिन्याला
बाबा या नावापुढे अठराशे खर्ची पडतात.
न आलेले पैसे, पण खर्चच.
एक तारखेला मी शटर वर करते,
तेलाचा वास अंगावर येतो,
आणि त्याच्यासमोर उभं राहून विचारते :
आणखी एक महिना?
दोनदा हो म्हणाले आहे.
भरमानं त्याच्यावर आपला डबा ठेवायला सुरुवात केलीय.